दुसऱ्या टोकाला कोण?

जानेवारी २०१४. वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाचा उपांत्यपूर्व सामना, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबई गतविजेती, तोवर चाळीस वेळा करंडक जिंकलेली. महाराष्ट्र त्या हंगामात सर्वांत खालच्या ‘क’ गटातून वर आलेला. पहिल्या डावात मुंबईच्या ४०२, महाराष्ट्राच्या २८०. मुंबईचं पारडं सरळ जड होतं. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत गुंडाळली गेली आणि महाराष्ट्रासमोर २५२ धावांचं लक्ष्य आलं. ते त्यांनी दोन गडी गमावून गाठलं. केदार जाधव नाबाद १२० आणि विजय झोल नाबाद ९१.

केदार तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, पुण्याच्या मैदानांवर घडलेला. विजय एकोणीस वर्षांचा, जालन्याचा. अनुभवी फलंदाज एका टोकाला, उमेदीचा फलंदाज दुसऱ्या टोकाला, आणि धावा दोन्हीकडून. संघ बांधणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा अशी ती जोडी होती. साधं गणित मांडलं, तर आणखी दहा वर्षांनी केदार निवृत्तीला टेकलेला असेल आणि तिशीला आलेला विजय महाराष्ट्राची फलंदाजी खांद्यावर घेऊन उभा असेल.

आता जानेवारी २०२३ कडे येऊ. पुन्हा मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, या वेळी ब्रेबॉर्नवर, साखळीतला अखेरचा सामना. भारताकडून ७३ एकदिवसीय सामने खेळून केदार परत आला होता. वय सदतीस. त्याच महिन्यात गहुंजेला आसामविरुद्ध त्याने २८३ धावा काढल्या होत्या. ब्रेबॉर्नवरही त्याने १२८ केल्या. महाराष्ट्राचा पहिला डाव ३८४ वर संपला आणि मुंबईचाही बरोबर ३८४ वर. आघाडी कुणालाच मिळाली नाही, सामना अनिर्णित राहिला आणि बाद फेरीचं दार दोन्ही संघांना बंद झालं. एक धाव जास्त असती, तर महाराष्ट्र पुढे जाऊ शकला असता. विजय झोल त्या संघात नव्हता.

एखादा संघ म्हातारा होत चाललेल्या खेळाडूच्या जिवावर चालतो, तेव्हा चर्चा होते ती त्या खेळाडूच्या वयाची. गुडघे टिकतील का, नजर तितकीच तीक्ष्ण आहे का, अजून किती हंगाम. महाराष्ट्राच्या रणजी संघाचा इतिहास पाहिला तर वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. वडीलधारा खेळत असताना दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं, आणि पुढे त्याचं काय झालं?

जालन्यातून निघालेली वाट

जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या जुन्या व्यापारपेठेची. आज गावाची ओळख पोलादाच्या सळया, बियाणे आणि मोसंबी यांनी होते. महिको ही बियाणे कंपनी १९६४ साली इथेच उभी राहिली. मात्र पाणी नेहमीच तुटपुंजं. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीहून येणारी जलवाहिनी यांवर शहराची तहान भागते, आणि पाऊस रुसला की तीही भागत नाही.

क्रिकेटच्या दृष्टीने या भूगोलाला मोठा अर्थ आहे. टर्फची खेळपट्टी म्हणजे नुसती मापाची जमीन नव्हे. तिला रोज पाणी लागतं, रोलर लागतो, गवत राखणारा जाणता माणूस लागतो. मराठवाड्याची काळी माती ओली असताना चिकट असते आणि वाळली की भेगाळते. तिची खेळपट्टी करायची तर हात त्यात मुरलेला हवा. जिथे प्यायला टँकर येतात, तिथे खेळपट्टीवर पाणी कोण मारणार? म्हणून तालुक्याच्या गावी पोरं मॅटवर खेळतात किंवा टेनिस बॉलवर. टेनिस बॉलच्या स्पर्धांना गर्दी होते, बक्षिसं मिळतात, नाव होतं. पण उसळी वेगळी, स्विंग वेगळा, आणि चार दिवस फलंदाजी करण्याची सवय त्यातून लागत नाही.

२०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्याने सर्वांत तीव्र सोसला. वर्षानुवर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा त्या उन्हाळ्यात वाळल्या, कित्येकांनी त्या स्वतःच्या हाताने तोडल्या. २०१३ च्या जुलैमध्ये जालन्याचा एक मुलगा ऑस्ट्रेलियात भारताच्या १९ वर्षांखालील संघाचं नेतृत्व करत होता आणि तिथली तिरंगी मालिका जिंकून परतत होता.

विजय झोलचं नाव त्याआधीच क्रिकेटच्या वर्तुळात पोहोचलं होतं. २०११-१२ च्या हंगामात कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या. वय सतरा. या आकड्याचं वजन महाराष्ट्रात विशेष जाणवतं. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते, आणि ब्रॅडमन यांचा तेव्हाचा ४५२ धावांचा विश्वविक्रम समोर दिसत असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांचा तो डाव प्रथम श्रेणीतला, विजयचा कुमारांच्या स्पर्धेतला. दोन्हींची तुलना करण्याचं कारण नाही. तरी ब्रॅडमनच्या आकड्याच्या एका धावेवर येऊन थांबलेला मुलगा जालन्याचा होता, हे जिल्ह्याने अजून विसरलेलं नाही.

२०१२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०१३ च्या अखेरीस त्रिपुराविरुद्धच्या रणजी पदार्पणात नाबाद २००. जानेवारी २०१४ मध्ये १९ वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध कर्णधार विजय १००, संजू सॅमसन १००, आणि चषक भारताचा. पाठोपाठ वानखेडेवरचे ते नाबाद ९१. फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली भारताचा १९ वर्षांखालील संघ विश्वचषक खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला. त्या संघातले सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान, दीपक हुडा, आवेश खान हे सगळे पुढे भारताकडून खेळले. कर्णधार मात्र खेळला नाही.

एखाद्याची कारकीर्द का अडते याची कारणं अनेक असतात आणि बाहेर बसून ती ठरवणं उद्धटपणाचं होईल. पण संघाच्या बाजूने पाहिलं तर वस्तुस्थिती सरळ आहे: एका पिढीतला सर्वांत मोठ्या आशेचा फलंदाज महाराष्ट्राला पुढच्या पिढीचा आधार म्हणून मिळाला नाही, आणि ती उणीव भरायला सदतिशीतला केदार मैदानात उतरला.

अठ्ठेचाळीस वर्षांचा कर्णधार

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. किंबहुना महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदाच जिंकला, आणि दोन्ही वेळा कर्णधार पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र रणजी विजेता झाला. दुसऱ्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा वय अठ्ठेचाळीस. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. पहिल्या डावातल्या पंचवीस धावांनी तेव्हा महाराष्ट्राला तारलं होतं. मग मद्रासला जाऊन अंतिम सामना जिंकला.

त्या संघाची खरी ताकद मात्र देवधरांच्या आजूबाजूला होती. १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढणारे विजय हजारे त्याच संघात होते. चंदू सरवटेही होते. अनुभवी माणूस मध्यभागी आणि भोवती विशी-पंचविशीतली गुणी मंडळी, हेच त्या विजयाचं सूत्र होतं.

ते सूत्र फार टिकलं नाही. त्या काळी क्रिकेटपटूला पगार देणारी माणसं म्हणजे राजेमहाराजे. संस्थानात नोकरी, दरमहा उत्पन्न आणि खेळायला मोकळीक, एवढं मिळत असेल तर तरुण खेळाडूने पुण्यात का थांबावं? हजारे बडोद्याला गेले. १९४२-४३ चा करंडक बडोद्याने जिंकला. सरवटे होळकरांकडे गेले. १९४५-४६ चा करंडक होळकर संघाने जिंकला. पुण्यात राहिले ते प्राध्यापक देवधर. १९४४ साली नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतकं ठोकली, १०५ आणि १४१. वय बावन्न. त्या पराक्रमाचं कौतुक आजही होतं आणि व्हायलाच हवं. पण ज्या संघात बावन्न वर्षांच्या माणसाला दोन्ही डावांत शतक काढावं लागतं, त्या संघाचं काहीतरी चुकलेलं असतं.

त्यानंतर महाराष्ट्राने एकदाही रणजी करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१ मध्ये पस्तिशी ओलांडलेले चंदू बोर्डे संघात असताना अंतिम फेरी गाठली आणि मुंबईकडून ४८ धावांनी हार पत्करली. मुंबईचे बडे खेळाडू तेव्हा भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजला होते, हे विशेष. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून पराभव झाला. २०१३-१४ हा केदारचा हंगाम: १२२३ धावा, देशात सर्वाधिक. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मात्र कर्नाटक सात गडी राखून जिंकलं.

देवधरांच्या काळात जालना निजामाच्या राज्यात होतं. इथला एखादा गुणी मुलगा खेळला असता तर हैदराबादकडून. मराठवाडा महाराष्ट्रात आला तशी क्रिकेट संघटनेची हद्दही रुंदावली. आज मुंबई आणि विदर्भ वगळता उरलेला सगळा राज्यविस्तार पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे. हद्द मोठी झाली, पण संघाचं केंद्र पुण्यातच राहिलं.

हद्दीपलीकडचा शेजार

जालना शहरातून विदर्भाच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात देऊळगाव राजा आणि मग सिंदखेड राजा लागतं. हा बुलढाणा जिल्हा, म्हणजे विदर्भ. शेतं तशीच, बोली जवळपास तीच, लग्नसंबंध इकडचे तिकडे. क्रिकेटच्या नकाशावर मात्र तिथे देश बदलतो. इकडचा मुलगा पुण्याकडे पाहतो, तिकडचा नागपूरकडे.

नागपूरनेही एका वयस्कर फलंदाजावर भार टाकला होता. वसीम जाफर २०१५-१६ पासून विदर्भाकडून खेळू लागला, तेव्हा तो सदतिशीला आला होता. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्धचा अंतिम सामना विदर्भाने जिंकला, तेव्हा विजयी धावा त्याच्याच बॅटमधून आल्या. पुढच्या वर्षी चाळिशी पूर्ण केलेल्या जाफरने १०३७ धावा काढल्या आणि विदर्भाने करंडक राखला. २०२० मध्ये तो निवृत्त झाला. विदर्भाचं आता काय होणार, अशी शंका अनेकांना आली असणार.

२०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता झाला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम केला, वय बावीस. यश राठोडने ९६० धावा काढल्या. कोवळ्या वयाच्या दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ केल्या. अनुभवी माणूस याही संघात होता, बाहेरून आलेला करुण नायर. पण संघ त्याच्या एकट्याच्या भरवशावर नव्हता.

फरक कुठे पडला? जाफर खेळत होता तेव्हा विदर्भाने आपली अकादमी चालू ठेवली होती, वयोगटांचे संघ सातत्याने खेळत होते आणि नागपूरच्या बाहेरही माणसं शोधली जात होती. अथर्व तायडे अकोल्याचा. चंद्रकांत पंडित यांच्यासारख्या शिस्तीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तरुण मुलं जाफरसोबत नेटमध्ये तासन्‌तास उभी राहिली. जाफरच्या धावा करंडकासाठी कामी आल्या, तसा त्याचा सहवास पुढच्या पिढीला कामी आला.

मोसंबीची बाग राखणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. जुनी झाडं फळं देत असतानाच नवा प्लॉट लावावा लागतो. डोळा भरलेलं रोप हाती येऊन फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात. जुनी बाग थकली म्हणून रोपं आणायला निघालेला माणूस मधली सगळी वर्षं रिकाम्या हाताने काढतो.

चेन्नई, बोस्टन आणि ग्रीन बे

याच प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं रूप गेल्या काही वर्षांत चेन्नई सुपर किंग्जमध्ये दिसलं, आणि त्याच्या मध्यभागी पुण्याचा ऋतुराज गायकवाड होता. २०२२ मध्ये धोनीने कर्णधारपद रवींद्र जडेजाकडे दिलं. हंगाम संपण्यापूर्वीच ते पुन्हा धोनीकडे आलं. २०२३ मध्ये चेन्नईने पाचवं विजेतेपद मिळवलं. २०२४ मध्ये धुरा ऋतुराजकडे आली. २०२५ मध्ये कोपराच्या दुखापतीने तो बाहेर पडला आणि त्रेचाळीस वर्षांच्या धोनीला पुन्हा नेतृत्व करावं लागलं. चेन्नई गुणतक्त्यात शेवटच्या, दहाव्या स्थानावर राहिली. आयपीएलच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. वारसा सोपवला होता, पण सोपवलेला माणूस नसेल तर पर्याय काय, याचं उत्तर तयार नव्हतं.

अमेरिकी फुटबॉलमध्ये हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो, कारण तिथे प्रत्येक चालीची सुरुवात क्वार्टरबॅक नावाच्या एकाच खेळाडूच्या हातून होते. टॉम ब्रेडीने बोस्टनजवळच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सला सहा विजेतेपदं मिळवून दिली. २०२० मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, तो टँपा बेला गेला आणि पुढच्याच फेब्रुवारीत तिथे सातवं विजेतेपद जिंकला. पेट्रियट्स त्या मोसमात बाद फेरीतही पोहोचले नाहीत. ग्रीन बे पॅकर्स या संघाने उलट केलं. त्यांचा ब्रेट फाव्र खेळत असताना २००५ मध्ये त्यांनी एरन रॉजर्सला निवडलं, तीन वर्षं बाकावर बसवून शिकवलं आणि मग संघ त्याच्या हाती दिला. रॉजर्सही वयस्कर झाला तेव्हा २०२० मध्ये जॉर्डन लव्हला निवडलं. तोही तीन वर्षं थांबला. दोन्ही वेळा जुन्या खेळाडूला ते रुचलं नाही, चाहते चिडले. संघाला मात्र पोकळी सोसावी लागली नाही.

वयस्कर खेळाडू वाईट नसतो. हृषीकेश कानिटकर पुण्याचा. त्याने पस्तिशी ओलांडल्यावर राजस्थानचं नेतृत्व करत २०१०-११ आणि २०११-१२ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. त्या संघात दीपक चहर, रॉबिन बिस्ट यांच्यासारखे तरुण होते. कानिटकरचा अनुभव त्यांच्या अवतीभवती खर्ची पडला. महाराष्ट्रातून गेलेला माणूस दुसऱ्या राज्याला जिंकून देतो, ही हजारे-सरवटेंपासूनची परंपराच म्हणायची.

पुढे काय

केदार जाधवने जून २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर महाराष्ट्राने काय केलं? ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या हंगामाची सुरुवात तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध झाली. संघात मुंबईहून आलेला पृथ्वी शॉ, विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाचा नायक रजनीश गुरबानी, आणि मध्य प्रदेश व केरळकडून वर्षानुवर्षं खेळलेला अडतीस वर्षांचा जलज सक्सेना. पहिल्या डावात महाराष्ट्राची अवस्था ५ बाद १८ झाली. चार फलंदाजांना खातंही उघडता आलं नाही. ऋतुराजच्या ९१ आणि सक्सेनाच्या ४९ धावांनी संघाला २३९ पर्यंत नेलं आणि पहिल्या डावाची आघाडीही मिळाली. म्हणजे पुन्हा एक अनुभवी हात धावून आला. या वेळी तो बाहेरून मागवलेला होता.

बाहेरचे खेळाडू घेण्यात गैर काही नाही. विदर्भाने, राजस्थाननेही तेच केलं. प्रश्न त्यांच्या सावलीत कोण वाढतो हा आहे. आणि इथे महाराष्ट्राकडे, विशेषतः मराठवाड्याकडे, नुसती आशा नाही तर नावं आहेत.

अंकित बावणे पैठणचा. पंधराव्या वर्षी रणजीत आला, २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळेसोबत ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली, रणजीतली सर्वांत मोठी. आता तो स्वतः तिशी ओलांडलेला वडीलधारा झाला आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता. जालन्याच्या शेजारच्या बीडचा सचिन धस २०२४ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संघ ४ बाद ३२ असताना आला आणि ९६ धावा काढून गेला. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी त्याच संघातला. पैठण, जालना, तुळजापूर, बीड: मुलं येत आहेत, हे सिद्ध होऊन बराच काळ लोटला. २०२३ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे त्यांना लोक पाहू लागले, पैसाही मिळू लागला. मात्र वीस षटकांत चमकलेला मुलगा चार दिवसांच्या सामन्यात टिकेल याची हमी ती लीग देत नाही.

हमी यायची तर ती सतरा ते तेवीस या वयातून येते. कुमार संघातून सुटलेला मुलगा या वर्षांत हरवतो. वयोगट संपलेला, रणजीत जागा नाही, जालन्यातून पुणे सुमारे तीनशे किलोमीटर, राहण्या-खाण्याचा खर्च घरच्यांच्या माथी. हाच काळ हजारेंच्या वेळी संस्थानिकांनी सांभाळला होता. आज तो सांभाळण्याची जबाबदारी संघटनेची आहे. छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्यात बारा महिने चालणारी निवासी अकादमी, पाण्याची व्यवस्था असलेल्या किमान दोन-चार चांगल्या टर्फ खेळपट्ट्या, जिल्हा संघांचे तीन-चार दिवसांचे भरपूर सामने, आणि रणजी संघात प्रत्येक सामन्याला तेवीसच्या आतले दोन फलंदाज वरच्या क्रमांकावर. यातलं काहीच अद्भुत नाही. बुलढाण्याच्या हद्दीपलीकडे ते कमी-अधिक प्रमाणात होताना दिसतं.

म्हणून महाराष्ट्राच्या पुढच्या चार-पाच हंगामांचा अंदाज बांधायचा असेल तर सक्सेना किती बळी घेतो किंवा बावणे किती शतकं काढतो, यावरून तो बांधू नये. तेवढं ते करतील. महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्यांनी आपलं काम कधी चुकवलेलं नाही. धावफलक हाती आला की त्यांच्या मोठ्या भागीदारीतलं दुसरं नाव वाचावं, त्याचं वय पाहावं, आणि तेच नाव पुढच्या हंगामात, त्याच्याही पुढच्या हंगामात त्याच जागी दिसतं का ते तपासावं. ते सलग तीन वर्षं दिसलं तर ऐंशीहून अधिक वर्षं हुकलेला करंडक आवाक्यात आला असं समजायला हरकत नाही. दर वर्षी नवं नाव येऊन पुसलं जात असेल, तर पुन्हा कुणातरी चाळिशीतल्या माणसाला पॅड बांधायला सांगावं लागेल, आणि तो बिचारा शतकही काढेल.